लख्ख आठवतं, म्हणून खरं?

बेंगळुरूत चार दशकं काढलेले एक मराठी गृहस्थ छातीठोकपणे सांगतात, की कन्नड नट शंकर नाग गेल्याची बातमी त्यांनी त्याच रविवारी सकाळी, चहा घेता घेता वर्तमानपत्रात वाचली. कपाचा रंग, खिडकीतलं ऊन, स्वयंपाकघरातून बायकोनं काय विचारलं, सगळं त्यांना दिसतं. या आठवणीवर त्यांनी एक सिद्धान्तच उभा केला आहे. धक्का देणारी बातमी मनावर फोटोसारखी उमटते, तिला पुरावा लागत नाही. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला असं काही आठवणार नाही. आणि नटांच्या मरणाची आठवण देशनेत्यांच्या पंगतीत बसवू नये. हा तिसरा मुद्दा त्यांच्या शंकर नागनंच खोडून काढला आहे. उरलेले दोन मात्र अनेक सुशिक्षित घरांत ब्रह्मवाक्यासारखे चालतात, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

३० सप्टेंबर १९९० हा रविवारच होता. पण दावणगेऱ्याजवळ अनगोडू इथं शंकर नाग यांच्या गाडीला अपघात झाला तो त्याच दिवशी पहाटे. बेंगळुरूत सकाळी दारात पडणारा अंक तोवर छापून झालेला असतो. म्हणजे त्या रविवारी चहाबरोबर ही बातमी वाचणं कुणालाही शक्य नव्हतं. गृहस्थांनी ती वाचली असेल सोमवारी. पहिल्यांदा कळली असेल कदाचित शेजाऱ्याकडून किंवा रेडिओवरून. तो पहिला क्षण पुसला गेला, सोमवारचा अंक उरला. निवांत वाचनाचा वार रविवार, म्हणून मनानं तो अंक तिथं नेऊन बसवला. कप खरा असेल, बायकोचा आवाजही खरा असेल, पण त्यांची जोडणी नंतरची आहे.

यात त्या गृहस्थांना कमीपणा येत नाही. स्मृतीच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या उलरिक नायसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचंही हेच झालं. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. घरी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना मध्येच ती बातमी सांगितली गेली, ही आठवण त्यांनी अनेक वर्षं जपली. डिसेंबरात अमेरिकेत बेसबॉल खेळत नाहीत, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. पुढं दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या दिवशी न्यूयॉर्कच्या दोन संघांचा फुटबॉलचा सामना होता आणि त्या संघांची नावं बेसबॉलच्या प्रसिद्ध संघांसारखीच होती. सामना खरा होता, खेळ बदलला होता.

धक्कादायक बातमीच्या अशा लख्ख आठवणीसाठी ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हा शब्द १९७७ साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी रूढ केला. फोटोची उपमा तिथूनच आली आणि गृहस्थ तिला चिकटून बसले. त्यानंतरचं संशोधन त्यांनी वाचलेलं नाही. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नायसर आणि निकोल हार्श यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून बातमी कुठं, कशी, कुणाकडून कळली ते लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. सगळ्या मुद्द्यांवर पहिल्यासारखी उत्तरं दिली फक्त तिघांनी. चौथा हिस्सा विद्यार्थी सगळ्याच मुद्द्यांवर चुकले. चुकलेल्यांतल्या अनेकांना स्वतःच्या आठवणीची पुरेपूर खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण परत आली नाही. २००१च्या ११ सप्टेंबरला अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रूबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांच्या त्या बातमीच्या आठवणी त्याच सुमाराच्या साध्यासुध्या आठवणींशी ताडून पाहिल्या. दोन्ही सारख्याच झिजल्या होत्या. बातमीच्या आठवणीत अधिक टिकून होता तो फक्त विश्वास.

म्हणून ‘पुराव्याची गरज नाही’ या वाक्याची चीड येते. महाराष्ट्रानं या वाक्याची किंमत मोजलेली आहे. ३० जानेवारी १९४८च्या गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली. त्या दिवशी कुणाच्या दारात पेढे वाटले गेले याच्या आठवणी पुढं पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. सांगणाऱ्यानं ते स्वतः पाहिलं, की संध्याकाळी चावडीवर ऐकलं, हा फरक सांगता सांगता नाहीसा होतो आणि एखाद्या घराण्यावर कायमचा डाग बसतो. पाहिलं की ऐकलं हा वाद जुना आहे, पण प्रत्येक दंगलीनंतर नव्यानं उभा राहतो.

आता मोबाइलवरची पिढी. २९ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. सकाळी कन्नड नट शिवराजकुमारचा ‘भजरंगी २’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि दुपारी त्याचा धाकटा भाऊ, नट पुनीत, सगळ्यांचा अप्पू, गेल्याची बातमी आली. वय ४६. ती आली मोबाइलवरच. तरीही कंठीरव स्टेडियमवर अंत्यदर्शनाला लाखो लोक लोटले, त्यात विशीतली पोरं होती. त्या दुपारी कुठं होता असं बेंगळुरूतल्या तरुणाला विचारून पाहावं, तो लगेच सांगू लागेल. चूकही करेल, आजोबांसारखीच. आठवण घट्ट होते ती बातमी कुठल्या यंत्रावर आली यावरून नव्हे. ब्राउन आणि कुलिक यांना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी आठवण कृष्णवर्णीयांत चारांतल्या तिघांकडे मिळाली, गोऱ्यांत तिघांतल्या एकाकडे. माणूस आपला वाटावा लागतो.

मग या आठवणी टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. १९८९च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपानंतर ज्यांनी धक्के स्वतः सोसले, त्यांच्या आठवणी दीड वर्षानंतरही जवळजवळ जशाच्या तशा होत्या. दूर अटलांटात बातमी ऐकलेल्यांच्या मात्र घसरल्या. किल्लारीच्या भूकंपात मातीखालून बाहेर निघालेला आणि तो भूकंप बेंगळुरूत रेडिओवर ऐकलेला, दोघांच्या आठवणींना मान द्यावा, पण साक्षीचं वजन सारखं देऊ नये. ऐकलेल्या बातमीची आठवण घडलेलं नेमकं सांगेलच असं नाही. ती माणूस कुणासाठी हळहळला हे सांगते, आणि हेही कमी मोलाचं नाही.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. अशी बातमी येईल त्या रात्री निजण्यापूर्वी वहीत तारीख घालून पाच ओळी लिहा: कुणी सांगितलं, कुठं होता, काय करत होता, सोबत कोण होतं, नंतर काय केलं. मुलांनाही लिहायला लावा. आणि घरात १९४८ची गांधीहत्या किंवा १९८४ची इंदिरा गांधींची हत्या आठवणारं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ याच आठवड्यात बसा. ते सांगतील ते उतरवून घ्या आणि प्रत्येक गोष्टीपुढं लिहा, ती पाहिलेली की ऐकलेली.