ऊन सर्वांचे, सवलत घरमालकाची

बंगळूरच्या बनशंकरी भागातील कोणत्याही गल्लीत उभे राहून वर पाहावे. एकाआड एक गच्चीवर सौर बंब दिसतो. खाली तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर दोन-तीन मजले, एका मजल्यावर घरमालक आणि उरलेल्या खोल्यांतून भाडेकरू. मालकाच्या न्हाणीघरात नळ सोडला की उन्हाने तापलेले पाणी येते. त्याच जिन्याने वर जाणारा कंत्राटी कामगार, दवाखान्यातली आया किंवा दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत भरून राहणारा कारकून मात्र पहाटे पाच वाजता बादलीत विजेचा रॉड सोडून पाणी तापण्याची वाट पाहत बसतो. अनेक इमारतींत सौर नळ मालकाच्या मजल्यापुरताच आणलेला असतो.

एका बादलीभर, म्हणजे वीसेक लिटर पाण्याला अंघोळीजोगे तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला सुमारे सत्तर युनिट केवळ अंघोळीत जातात. हा खर्च भाडेकरूच्या मीटरवर पडतो, आणि सौर बंबाची सवलत मालकाच्या मीटरवर उतरते. सरकारी प्रोत्साहनाच्या धोरणाचा सारा पक्षपात या दोन मीटरांत दिसतो.

इतिहास पाहू. २००७ साली कर्नाटक सरकारने ठरावीक क्षेत्रफळापुढील नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला. बंब नसेल तर वीजजोडणी नाही, असा दंडक घातला. निर्णय चांगला होता आणि बंगळूर सौर बंबांचे शहर म्हणून देशात गाजले. त्याच्या जोडीला बिलात सूट ठेवली गेली: वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये.

आता या सुटीचा हिशेब मांडा. महिन्याला ४० युनिट वापरणाऱ्या काटकसरी घराला २० रुपये मिळणार. १०० युनिट किंवा त्याहून अधिक जाळणाऱ्या घराला पुरे ५० रुपये. वीज वाचवा म्हणून दिलेली सूट, आणि ती मोजायची जाळलेल्या विजेवर! शिवाय ही सूट वीज कंपनी आपल्या खिशातून देत नाही. वीजदर ठरवताना ती हिशेबात धरली जाते, म्हणजे तिचा भार सर्व ग्राहकांवर विभागला जातो. ज्याच्या खोलीत सौर नळ पोहोचलाच नाही, तो भाडेकरूही त्या सुटीचा वाटा भरतो.

केंद्राच्या योजनांची तऱ्हा वेगळी नाही. २०१० साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशनमधून सौर बंबासाठी ३० टक्क्यांपर्यंत अनुदान किंवा स्वस्त कर्ज मिळे. २०१४ साली बंबावरचे हे अनुदान बंद झाले. ज्याच्याजवळ उरलेले सत्तर टक्के आणि स्वतःची गच्ची होती, त्याने लाभ घेतला. २०२४ साली ७५,०२१ कोटी रुपयांची प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. तिच्यात छतावरील सौर विजेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण पहिली अट स्वतःच्या घराची आणि छताची. पुणे महापालिका सौर यंत्रणा बसवणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. मिळकत नाही त्याला सूटही नाही. छप्पर नाही त्याला सूर्य नाही, असा हा न्याय आहे.

हा रोग केवळ आपल्या देशातला नाही. ब्रिटनने २०१४ साली घरगुती उष्णता प्रोत्साहन योजना काढली. हरित साधनांनी घर व पाणी तापवणाऱ्यांना सात वर्षे, दर तिमाहीला, रोख रक्कम. ती मिळे घराच्या मालकाला. भाडेकरूच्या हाती काही पडत नसे. उत्तर आयर्लंडमध्ये तर २०१२ च्या व्यावसायिक योजनेत लाकडी इंधनाच्या किमतीपेक्षा अनुदान जास्त ठरले आणि त्याला कमाल मर्यादाच नव्हती. जितके जाळाल तितका नफा! या घोटाळ्याच्या वादात जानेवारी २०१७ मध्ये तेथील सरकार कोसळले आणि तीन वर्षे विधानसभा ठप्प राहिली. आपल्याकडील सूट ५० रुपयांवर अडवलेली म्हणून तसा अनर्थ झाला नाही, एवढेच. तत्त्वाची चूक मात्र तीच आहे.

काही मित्र विचारतील, बंबाचा पैसा मालकाने घातला, मग सवलत दुसऱ्याला का? प्रश्न रास्त आहे. बनशंकरीतील कित्येक घरमालक हे सार्वजनिक कारखान्यांतून निवृत्त झालेले आपलेच कामगार आहेत. फंडाच्या पैशातून त्यांनी घर बांधले. त्यांच्याशी आपले भांडण नाही. पण गुंतवणुकीचे फळ त्यांना विजेच्या बचतीतून मिळतेच. केंद्रीय मंत्रालयाच्याच हिशेबाने १०० लिटरचा सौर बंब वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचवू शकतो, आणि असे हजार बंब बसले की ऐन मागणीच्या वेळचा सुमारे १ मेगावॉट भार हलका होतो. त्यावर जनतेचा पैसा द्यायचा असेल, तर त्याचे फळ त्या छपराखालच्या प्रत्येक कुटुंबाला मिळावे, एवढेच आमचे म्हणणे.

आणि हे अशक्य नाही. जुलै २०२३ पासून कर्नाटकाने गृहज्योती योजनेत दरमहा २०० युनिटपर्यंत वीज मोफत केली, तेव्हा भाडेकरूंनाही तिचा लाभ दिला. भाडेकरूचा मीटर सरकारला सापडत नाही, ही सबब त्या दिवशी संपली. मात्र त्या मोफत विजेतील मोठा वाटा जर पहाटेच्या रॉडमध्येच जाणार असेल, तर सरकार एका हाताने सौर बंबाला पैसा देते आणि दुसऱ्या हाताने बंब न पोहोचल्याचे बिल भरते.

शेवटी, ज्याचे नाव कोणत्याच योजनेत नसते त्याच्याकडे वळू. दोनशे लिटरची टाकी, लोखंडी घोडा आणि काचेच्या नळ्या अरुंद जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवणारा मजूर ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे राबतो. कठड्याच्या काठावर काम, पण कमरेला पट्टा नाही, विमा नाही, हजेरीपुस्तकात नाव नाही. हरित उद्योगाचे गोडवे गाणाऱ्या किती जाहिरातींत हा माणूस दिसतो?

म्हणून संघटनेने पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत. सवलत किंवा अनुदान घेणाऱ्या इमारतीत प्रत्येक भाड्याच्या न्हाणीघरापर्यंत सौर नळ पोहोचलाच पाहिजे. प्रोत्साहन जाळलेल्या युनिटावर न देता प्रत्येक जोडलेल्या कुटुंबाच्या मीटरवर ठराविक रकमेने द्यावे. गच्ची नसलेल्या वस्त्यांसाठी सामुदायिक बंब सरकारी खर्चाने बसवावेत. आणि किमान वेतन, राज्य विमा व सुरक्षा साधने देणाऱ्या ठेकेदारांनाच सरकारमान्य यादीत स्थान मिळावे.

ऊन कोणाच्या सात-बाऱ्यावर लिहिलेले नाही. सरकारी तिजोरीही कोणा एकाच्या बापाची नाही. त्या तिजोरीत कर भरणाऱ्या कष्टकऱ्याला त्याच्याच इमारतीच्या गच्चीवर तापलेले पाणी मिळू नये, हे आपण किती हिवाळे सोसणार? भाडेकरू, घरकामगार, वीज कामगार आणि बंब बसवणारे मजूर एका व्यासपीठावर आले, तर ही मागणी धसास लावणे कठीण नाही. बनशंकरीच्या गल्लीतून त्याची सुरुवात करू या.