ओसरी आणि माजघर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे जन्मलेल्या एका मुलीच्या टाचेतून तिसऱ्या दिवशी रक्ताचे थेंब घेऊन ते नवजात तपासणीसाठी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. बाळ गुटगुटीत होते, अंगावर नीट पीत होते. अकराव्या दिवशी तिचे वडील दवाखान्यात डोकावले. "डॉक्टरसाहेब, त्या तपासणीचं काही कळलं का? उद्या बारसं आहे, म्हटलं विचारून घ्यावं."

मी संगणक उघडला. अहवाल पाच दिवसांपूर्वीच येऊन पडला होता. त्याच्या वर परिषदांची निमंत्रणे होती, खाली गृहकर्जाच्या जाहिराती होत्या आणि मधोमध, न उघडलेले, ते एक पत्र होते. टीएसएच ५०च्या वर! त्याच दुपारी शिरेतील रक्त घेऊन निदान पक्के करण्यास पाठवले आणि थायरॉक्सिन सुरू केले. जन्मजात थायरॉइड-न्यूनतेत उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत. विलंब झाल्यास बौद्धिक वाढीची हानी कायमची होते. हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगायला नको, इतर वाचकांसाठी नमूद करतो. मुलगी आज शाळेत जाते, हुशार आहे. मात्र त्याचे श्रेय माझ्या दक्षतेला नाही, तिच्या बापाच्या काळजीला आहे.

असा अहवाल आल्यावर प्रयोगशाळेने दूरध्वनी करायला हवा होता, हे खरेच. परंतु टपालपेटी माझी होती आणि तिच्यात केर मीच साठू दिला होता. त्या रात्री हिशेब मांडला. हाच एक पत्ता मी कुठे कुठे दिला होता? परिषदांच्या नोंदणीत, औषध कंपनीच्या प्रतिनिधीने पुढे केलेल्या अर्जात, एका दुकानाच्या सवलत-पत्रिकेसाठी, विमानाच्या तिकिटासाठी, मुलाच्या परीक्षेच्या अर्जात. प्रत्येक वेळी वाटले, एवढ्याने काय होते? थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण केवळ पुण्यसंचयालाच लागू पडते असे नाही.

नको असलेल्या ई-मेलचा इतिहास जुना आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या एका विक्री-अधिकाऱ्याने अर्पानेट या तत्कालीन संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठवली. तोच या जातीचा मूळपुरुष मानला जातो. जानेवारी २००४ मध्ये दावोस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल असे भाकीत केले होते. तो सुटला नाही, कारण त्याचे मूळ अर्थकारणात आहे. पोस्टाने पत्र पाठवायचे तर पाठवणाऱ्याला तिकीट लावावे लागते. येथे एक पत्र पाठवा की एक लाख, खर्च जवळजवळ तोच. त्याचा खरा भार वाचणारा वाहतो, आपल्या वेळेने आणि लक्षाने.

डॉक्टर मंडळी यात विशेष सापडतात. शोधनिबंध छापून आला की पत्रव्यवहारासाठी दिलेला पत्ता जगजाहीर होतो. मग "आदरणीय तज्ज्ञ" अशा संबोधनाने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची पत्रे सुरू होतात. मला तर एकदा पशुवैद्यकांच्या परिषदेत बीजभाषण करण्याचे निमंत्रण आले होते!

यावर उपाय काय? बडोद्यातील जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो सहज उमजेल. वाड्यात कोणालाही मज्जाव नसे, पण प्रत्येकाची जागा ठरलेली असे. फेरीवाला दिंडीशी थांबे, परिचित ओसरीवर बसे, माजघरात घरचीच माणसे येत आणि तिजोरीची खोली कोणती, हे पाहुण्याला ठाऊकही नसे. आपल्या ई-मेलची रचना अशीच असावी. माझ्या मते तीन पत्ते पुरेत.

पहिला माजघरातला. रुग्ण, प्रयोगशाळा, रुग्णालय आणि सहकारी यांच्यासाठी. हा कोणत्याही नोंदणी-अर्जात लिहायचा नाही. मोबाइलची घंटा केवळ याच पत्त्यासाठी वाजावी.

दुसरा तिजोरीचा. बँक, प्राप्तिकर, वैद्यकीय परिषदेची नोंदणी, विमा. हा पत्रिकेवर छापायचा नाही. याचा पासवर्ड इतरत्र कोठेही वापरू नये आणि लॉगिनसाठी दुहेरी पडताळणी ठेवावी. विसरलेला पासवर्ड बदलण्याची वाट ई-मेलमधूनच जाते. हा पत्ता चोराच्या हाती गेला की सगळ्या किल्ल्या गेल्या.

तिसरा ओसरीवरचा. परिषदा, खरेदी, तिकिटे, नियतकालिके, सारे येथे. तो आठवड्यातून एकदा, रविवारी चहा घेताना, सावकाश चाळावा. स्पॅमचा कप्पाही तेव्हाच पाहावा, कारण एखादे खरे पत्र चुकून तेथे जाऊन पडते.

"तीनच का? प्रत्येक कामाला वेगळा पत्ता का नको?" असे आमच्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले. तो मोह मलाही झाला होता. पण पत्ता म्हणजे केवळ नाव नव्हे, ती सांभाळायची जबाबदारी असते. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास सुरुवात केली. पाच वर्षांपूर्वी एका अर्जापुरता काढलेला पत्ता बंद झाला आणि नेमके त्याच पत्त्यावर प्रमाणपत्र येणार असेल, तर मग धावाधाव अटळ. नोंदणी कोठून फुटली हे जाणून घ्यायचे असल्यास जीमेलमध्ये सोपी सोय आहे. आपल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडून पत्ता दिला, तरी पत्र आपल्याच पेटीत येते आणि तो शब्द पाहून उगम कळतो. काही अर्ज असा पत्ता स्वीकारत नाहीत, हेही ध्यानात असावे.

आणखी एक सावधगिरी. ओळखीच्या संस्थेची पत्रे नको असतील तर तळाशी दिलेल्या दुव्याने वर्गणी खुशाल रद्द करावी. मात्र अनोळखी पत्रातील तोच दुवा दाबणे म्हणजे "या घरात माणूस राहतो" अशी ग्वाही देणे. अशी पत्रे न उघडता स्पॅम म्हणून चिन्हांकित करावीत.

आता थोडे कटू, पण आपल्यातलेच. माझा पत्ता बाहेर जाण्याचे एक दार आपल्या मंडळाच्या दिशेनेही उघडते. सदस्य-सूचीत आपण प्रत्येकाचा ई-मेल आणि मोबाइल छापतो आणि ती स्मरणिकेसोबत जाहिरातदारांनाही सप्रेम भेट देतो. सभेची सूचना पाठवताना साऱ्यांचे पत्ते साऱ्यांना दिसतील असेच पाठवतो. गुप्त प्रत पाठवण्याची रकाना-सोय असताना ती वापरत नाही. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. कार्यकर्ते रात्री जागून हे काम करतात, मीही एके काळी केले आहे. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व आपणही जाणले पाहिजे: माहिती ज्या कामासाठी मागितली, त्याच कामासाठी, संमतीने वापरावी. माझी सूचना अशी की, पुढील सूचीत ई-मेल छापण्यापूर्वी प्रत्येक सदस्याची लेखी संमती घ्यावी आणि जाहिरातदारांना पत्ते नसलेली प्रत द्यावी. एखादी जाहिरात कमी मिळाली तर ती तूट सदस्यांनी भरून काढावी. माझा वाटा मी आजच देऊ करतो.

रुग्णाचे गुपित जपण्याची शपथ आपण घेतली आहे. परस्परांचे पत्ते जपणे त्यामानाने किती सोपे! आणि आपली स्वतःची पेटी स्वच्छ ठेवणे हा टापटिपीचा नव्हे, रुग्णसेवेचाच भाग आहे. त्या मुलीचे वडील बारशाच्या आदल्या दिवशी आले नसते तर, हा प्रश्न मला अजूनही कधी कधी रात्री जागा ठेवतो. आपल्यापैकी कोणावर तो विचारण्याची वेळ न येवो.