लांबवा, पण सांगून

डोंबिवलीच्या संगणक वर्गांत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत पायथनवाल्यांना एकच दंडक ऐकू येतो: सगळे इम्पोर्ट फाईलच्या सुरुवातीला, आणि लोडही तिथल्या तिथे. यातला पहिला भाग योग्य आहे. पेप ८ ही शैलीसंहिताही तेच सांगते. दुसरा मात्र नुसता सवयीने चालत आला आहे. इम्पोर्ट कुठे लिहायचा आणि मॉड्यूल केव्हा लोड करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मॉड्यूल गरज लागेल तेव्हाच लोड करावं म्हटलं, की पहिला आक्षेप येतो: लोड करण्याचा खर्च एकदाच होतो. एका प्रोसेसपुरतं ते खरं, कारण लोड झालेलं मॉड्यूल ‘सिस डॉट मॉड्यूल्स’मध्ये राहतं. पण कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम दर वेळी नव्याने सुरू होतो. त्यात वर पँडाज ही लायब्ररी इम्पोर्ट केली असेल, तर नुसतं ‘हेल्प’ मागितलं, तरी ती आणि तिच्यामागून नमपाय लोड होणार. ज्याला संशय असेल त्याने पायथन ३.७ पासून मिळणारा ‘इम्पोर्टटाइम’ पर्याय लावून पाहावा. कोणत्या मॉड्यूलने किती मायक्रोसेकंद खाल्ले, याचा हिशेब ओळीओळीने समोर येतो.

दुसरे म्हणतात, मग इम्पोर्ट फंक्शनच्या आत लिहा. म्हणजे दंडक सांगणाऱ्यांनीच तो मोडायचा! पायथनच्या स्वतःच्या स्टँडर्ड लायब्ररीत, चाचण्या वगळता, सुमारे १७ टक्के इम्पोर्ट असे आत दडलेले आहेत. गरज खरी आहे याचा याहून मोठा पुरावा नको. पण या तोडग्याने फाईल कशावर अवलंबून आहे, ते शोधायला ती अख्खी चाळावी लागते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: चूक उशिरा कळेल. लायब्ररी बसवलेलीच नसेल तर प्रोग्रॅम सुरुवातीलाच पडलेला बरा, हे मान्य. पण ती खात्री चाचणीत आणि डिप्लॉयमेंटच्या वेळी करायची असते. वापरणाऱ्याला रोज ताटकळत ठेवून नव्हे. शिवाय फंक्शनमधलं चुकलेलं नाव तरी पायथन ती ओळ चालण्याआधी कुठे पकडतो?

म्हणून सरसकट सगळंच लांबवावं, असंही नाही. २०२२ साली हेर्मान मेंडेझ ब्राव्हो आणि कार्ल मेयर यांनी मांडलेला पेप ६९० हा प्रस्ताव जवळपास तेच सुचवत होता: एक पर्याय लावला की प्रोग्रॅमभरचे इम्पोर्ट लांबणीवर. पायथनच्या स्टीअरिंग कौन्सिलने तो डिसेंबरात नाकारला, ते योग्यच झालं. काही मॉड्यूल केवळ लोड होताना त्यांची नोंदणी व्हावी म्हणून इम्पोर्ट होतात. त्यांचं नाव पुढे कुठेच येत नाही. ती लांबवली तर नोंदणी होतच नाही. आणि लायब्ररी लिहिणाऱ्याने आपला कोड दोन्ही तऱ्हांनी तपासायचा, हा भार कुणी उचलायचा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये, पायथन ३.१५ साठी मान्य झालेला पेप ८१० मला पटतो तो याचमुळे. फाईलच्या वरच, ‘इम्पोर्ट’च्या आधी ‘लेझी’ हा शब्द लिहायचा. नाव तिथेच दिसतं, मॉड्यूल पहिल्या वापरापर्यंत लोड होत नाही. लोड फसलं, तर इम्पोर्टची ओळ आणि वापराची ओळ दोन्ही चुकीच्या संदेशात दिसतात. सरसकट लांबवण्याचा पर्याय यातही आहे. पण तो आपण होऊन लावल्याखेरीज लागू होत नाही, आणि मी तो लावणार नाही.

सततच्या सर्व्हरवर तर मी ‘लेझी’सुद्धा सहसा टाळीन. तिथे वाचवलेला वेळ पहिल्या ग्राहकाच्या विनंतीतून वसूल होतो. जड मॉड्यूल, क्वचित लागणारी वाट आणि वारंवार सुरू होणारा प्रोग्रॅम, हे तिन्ही जुळले की मात्र लांबवावं. नोंदणीसाठीचे इम्पोर्ट तातडीचेच ठेवावेत. आणि निर्णय आधी मोजमाप करून घ्यावा. ‘आमच्याकडे असंच लिहितात’ हे कोड रिव्ह्यूमध्ये उत्तर म्हणून चालू नये.