अनुकरणाची पाठशाळा

नववी-दहावीतील चार मुले एकत्र येऊन गिटार, ड्रम आणि एखादा जुना की-बोर्ड यांच्या साहाय्याने अमेरिकेतील साठ वर्षांपूर्वीची गाणी वाजवू लागली, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींकडून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘या गाण्यांत आहे तरी काय?’ आणि दुसरा, ‘ही गाणी तुमची कुठे आहेत?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु पहिल्याचे उत्तर ‘काही नाही’ आणि दुसऱ्याचे उत्तर ‘परक्यांची’ असे जे आधीच ठरवून टाकले जाते, ते मात्र आम्हांस मान्य नाही. आमचे म्हणणे विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

ज्या गाण्यांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांस ‘गॅरेज रॉक’ हे नाव मागाहून पडले. ही लाट अमेरिकेच्या वायव्य भागात १९६० च्या सुमारासच उठली होती. पुढे ९ फेब्रुवारी १९६४ रोजी इंग्लंडचे बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गायले, सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले, आणि मग ही लाट देशभर पसरली. गावोगावच्या शाळकरी मुलांनी गिटारी मिळविल्या. सिअर्स कंपनीच्या सूचिपत्रातून ‘सिल्व्हरटोन’ नावाची स्वस्त गिटार मागविता येई; तिच्या एका प्रकारात गिटार ठेवण्याच्या पेटीतच ध्वनिवर्धक बसविलेला असे. सरावासाठी दिवाणखाना मिळणे अशक्य. म्हणून मोटार बाहेर काढून तिच्या खोलीत, म्हणजे गॅरेजमध्ये, ही मुले बसत. बहुतेकांचा पल्ला शाळेच्या नृत्यसमारंभापलीकडे गेला नाही. काहींची एखादी तबकडी निघाली आणि विसरलीही गेली. लेनी के या संगीतप्रेमी लेखकाने १९७२ मध्ये अशी २७ गाणी ‘नगेट्स’ या नावाच्या दोन तबकड्यांच्या संचात एकत्र केली, तेव्हा त्यांचे मोल पुन्हा जगाच्या ध्यानी आले. आज ही गाणी निष्ठेने वाजविणारे हौशी वाद्यवृंद देशोदेशी आढळतात. स्वतःची गाणी न रचता दुसऱ्यांची वाजविणाऱ्या अशा मंडळींस ‘कव्हर बँड’ म्हणतात.

आता पहिला प्रश्न : या गाण्यांत आहे तरी काय? उदाहरणार्थ ‘लुई लुई’ हे गाणे घ्या. त्यात तीनच कॉर्ड आहेत. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी छेडलेल्या तीन-चार स्वरांचा मेळ. हे तीन मेळ एका ठरावीक क्रमाने गाण्याच्या आरंभापासून अंतापर्यंत फिरत राहतात. संगीताच्या पंडितास हे दारिद्र्य वाटेल. परंतु ज्याच्या बोटांस अजून घट्टे पडलेले नाहीत, अशा मुलाच्या दृष्टीने ही केवढी कृपा आहे! त्याच्या आवाक्यातले एक गाणे, तेही खरे, लोकांनी डोक्यावर घेतलेले गाणे, त्यास मिळाले. शिडीची पहिली पायरी जमिनीजवळच असावी लागते. ती उंचावर बसवून ‘चढत का नाहीस?’ असे विचारण्यात शहाणपण नाही.

शिवाय साधे याचा अर्थ सोपे असा नव्हे. तीन स्वरमेळ शिकणे सोपे. परंतु चौघांनी ते एका लयीत, कोणीही पुढे न धावता, तीन मिनिटे धरून ठेवणे कठीण. ज्याने हे करून पाहिले आहे, त्यास बास गिटार वाजविणाऱ्याची किंमत कळते. श्रोत्यांचे त्याच्याकडे लक्षही नसते. पण तो थांबला की सारे गाणे कोसळते. दुसऱ्याचे ऐकत ऐकत आपले वाजविणे, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या कोणत्याही धड्यापेक्षा येथे लवकर शिकता येते.

‘लुई लुई’ची सर्वांत प्रसिद्ध तबकडी एप्रिल १९६३ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी, किंग्जमेन नावाच्या तरुणांनी पन्नासेक डॉलरांच्या खर्चात मुद्रित केली. मायक्रोफोन उंचावर टांगलेला होता. गायक जॅक इली यास मान वर करून ओरडावे लागले. गिटारचा तुकडा संपल्यावर त्याने पुढचे कडवे वेळेआधीच उचलले, चूक ध्यानी येताच तो थांबला, आणि ड्रम वाजविणाऱ्याने मधली पोकळी भरून काढून त्यास सावरून घेतले. ही चूक तबकडीत तशीच राहिली. पुढे ते गाणे वसविणाऱ्या काही मंडळींनी तर ती चूकही हुबेहूब उचलली! परंतु आम्हांस यातील मोलाचा भाग वाटतो तो ड्रमवाल्याने दिलेल्या हाताचा. एकाची चूक दुसऱ्याने सांभाळावी आणि गाणे पुढे न्यावे, हेच सहवादनाचे मर्म आहे.

आता दुसरा प्रश्न : ही गाणी तुमची कुठे आहेत? गंमत अशी की, ‘लुई लुई’ हे गाणे किंग्जमेनचेही नव्हते. लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय गायक रिचर्ड बेरी याने ते १९५५ मध्ये रचले आणि १९५७ मध्ये ते तबकडीवर आले. त्यातील लयीचे बीज त्यास सापडले, ते क्यूबामध्ये जन्मलेल्या एका संगीतकाराच्या चा-चा-चा नृत्यगीतात. १९६१ मध्ये टॅकोमा शहरच्या रॉबिन रॉबर्ट्सने ते आपल्या ढंगाने गायले, आणि त्याचा तो ढंग पोर्टलंडच्या पोरांनी उचलला. ज्यास आपण ‘मूळ’ समजतो, तेच असे हातोहात आलेले असते.

आणि यात परकीयांचेच नवल का करावे? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. त्या काळच्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहावीत : पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून कुठल्या तरी आधीच्या गाण्याचे नाव छापलेले असते. १९११ च्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्यांच्या वळणाच्या चाली दिल्या, आणि त्या मराठी माणसाच्या जिभेवर कायमच्या वसल्या. आमच्या गोमंतकात देवळाच्या उत्सवात गावचे दुकानदार, शेतकरी, कारकून आणि मास्तर एकत्र जमून तीच जुनी नाटके आजही उभी करतात. महिना-दीड महिना रात्री तालमी होतात, पेटी-तबल्यावर तीच पदे घोटली जातात. त्यांस ‘हे तुमचे कुठे आहे?’ असे कोणी विचारीत नाही. उलट कौतुकाने नारळ देतात. मग गिटार घेतलेल्या मुलांसाठीच वेगळा न्याय का? गाणे ज्याने रचले त्याचे ते असतेच; परंतु जो ते कष्टाने शिकतो आणि समजून वाजवितो, त्याचेही ते काही अंशी होते, असे आमचे मत आहे.

अनुकरण हे प्रतिभेचे शत्रू नसून पुष्कळदा तिची दाई असते. आमच्याच भूमीतील आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे मुंबईत गाजलेले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, यांनी अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगला गुरुस्थानी मानून त्याच्याच वळणाने वादन केले. लोक त्यांस हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. हेच चिक चॉकलेट पुढे मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले, आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतातून ती दूरची लय हिंदी चित्रगीतांत आली. गोव्यातील चर्चच्या पाठशाळांत स्वरलेखन शिकून मुंबईस गेलेले सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे कितीतरी वादक याच वाटेने गेले. आधी दुसऱ्यांचे वाजविले, म्हणूनच पुढे स्वतःचे देता आले.

तथापि पालकांच्या मनातील खरी धास्ती निराळीच असते : ही गाणी मुलांस बिघडवतील. या धास्तीचा इतिहासही ‘लुई लुई’शीच जोडलेला आहे. किंग्जमेनची तबकडी लोकप्रिय झाली खरी, परंतु इलीचे ओरडणे इतके अस्पष्ट होते की त्यातून ज्यास जे हवे ते ऐकू येई. त्यात अश्लील शब्द आहेत अशी आवई उठली. इंडियाना राज्याच्या गव्हर्नरांनी १९६४ मध्ये हे गाणे नभोवाणीवर न लावण्याविषयी सुचविले. त्याच वर्षी एका चिंतातुर पित्याने देशाच्या ॲटर्नी जनरलना पत्र लिहिले आणि एफ्. बी. आय्. या बलाढ्य तपासयंत्रणेने चौकशी मांडली. तबकडी वेगवेगळ्या गतींनी फिरवून पाहण्यात आली. निष्कर्ष काय? कोणत्याही गतीने शब्द कळत नाहीत! आणि बेरीने मुळात लिहिले होते काय? आपल्या प्रियेकडे परत जाण्यास आतुर झालेला एक जमैकन खलाशी मद्यगृहातील माणसास आपले मन उघडे करून सांगतो, इतकेच. ज्या गोमंतकात घरोघरचे तारवटी महिनोन् महिने दर्यावर असतात, त्या आम्हांस तरी हे दुःख परके वाटू नये. त्या पित्याची काळजी खोटी नव्हती. पण मुलाच्या शेजारी बसून ‘बाळ, या गाण्याचा अर्थ काय रे?’ असे विचारणे, ही चौकशी अधिक स्वस्तात झाली असती.

याचा अर्थ सारीच गाणी निर्दोष आहेत असा नव्हे. गॅरेज रॉकमधील कित्येक गाण्यांत मुलींविषयी हिणकस सूर आहे, तो आम्हांस मुळीच रुचत नाही. अशी गाणी वगळावीत, आणि का वगळली हे मुलांशी बोलावे. या क्षेत्रात मुलीही होत्या, हेही त्यांस सांगावे : डेट्रॉइटच्या क्वाट्रो भगिनींनी १९६४ मध्ये केवळ मुलींचा वाद्यवृंद काढला, तेव्हा त्यांतील सुझी चौदा वर्षांची होती. आमच्या देशात १९७० आणि १९७१ मध्ये ‘सिमला बीट’ नावाच्या स्पर्धेतून शिलाँगच्या फेंटोन्ससारख्या तरुण वाद्यवृंदांची गाणी तबकड्यांवर आली. त्या स्पर्धेमागे सिगारेटची कंपनी होती. तरुणांच्या उत्साहावर तंबाखूने आपली पोळी भाजून घ्यावी, हे आम्हांस तेव्हाच्या दृष्टीनेही योग्य वाटत नाही. गुण आणि दोष निवडून घेण्याची ही सवय लागणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आणखी एक कर्तव्य आहे. रिचर्ड बेरीने १९५९ मध्ये, आपल्या लग्नाच्या खर्चासाठी, ‘लुई लुई’सह काही गाण्यांचे हक्क ७५० डॉलरांस विकून टाकले. गाणे जगभर गाजत होते आणि तो मात्र हलाखीत होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यास आपला न्याय्य वाटा परत मिळाला, हे सुदैव. म्हणून दुसऱ्याचे गाणे वाजविणाऱ्याने आरंभी कर्त्याचे नाव स्वच्छ उच्चारावे. नाव न घेता घेतलेले ते चोरी, आणि नाव घेऊन घेतलेले ते ऋण. ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही.

आमच्या चिंतेचा विषय वस्तुतः वेगळाच आहे. आजच्या मुलाच्या खिशातील यंत्रात जगातील सारे संगीत आहे, आणि त्याच्या हातांत मात्र काहीच नाही. स्पर्धांच्या मंचावर चमकणारा एक आणि बाकीचे टाळ्या वाजविणारे, अशी वाटणी आपण लहानपणीच करून टाकतो. ‘तुझा गळा नाही’ हे वाक्य एकदा कानी पडले की, मूल जन्मभरासाठी गप्प होते. अशा मुलांसाठीच भजनी मंडळे असत. तेथे गळा नसलेल्याच्याही हाती टाळ देण्यात येई. तीन स्वरमेळांचे गाणे हे काम नव्या रीतीने करते. १९६६ मध्ये ‘नाइंटी-सिक्स टिअर्स’ या गाण्याने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. ते वाजविणारी मिशिगनची मुले टेक्सासहून शेतमजुरीस आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतली होती, आणि त्यातील ऑर्गनची ती साधी धून वाजविणारा फ्रँक रॉड्रिग्ज शाळकरी वयाचा होता. त्या मुलांस आधी कोणी परवानगीचे प्रशस्तिपत्र दिले नव्हते.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. शाळेने शनिवारी दुपारी दोन तास एक खोली द्यावी. मुलांनी अभ्यास सांभाळावा, आवाज शेजाऱ्यांस सोसेल इतका ठेवावा, शब्दांचा अर्थ लावल्याशिवाय गाणे घेऊ नये आणि कर्त्याचे नाव विसरू नये. जोडीला कोकणी किंवा मराठी असे एक तरी गाणे वसवावे, आणि वर्गातील एखाद्यास घुमट येत असेल तर त्यास आग्रहाने आत बोलवावे. पालकांनी फक्त एकदा येऊन शेवटच्या बाकावर बसावे आणि मुले चुकत-माकत गाणे शेवटपर्यंत नेतात, ते शांतपणे ऐकावे.

विद्यार्थिमित्रहो, यांतून तुमच्यापैकी कोणी मोठा संगीतकार होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आणि त्याची काळजीही करू नका. चारजणांनी मिळून एक गोष्ट नीट करणे, एकाची चूक दुसऱ्याने सावरणे आणि घेतलेल्याचे ऋण मानणे, एवढे साधले तरी ती तीन मिनिटे सत्कारणी लागली.