जुलाबात पुडी कोणती?

पावसाळा लागला की लहान मुलांचे जुलाब सुरू होतात आणि औषधाच्या दुकानांत ‘प्रोबायोटिक’च्या पुड्या खपू लागतात. चिठ्ठीत नसली तरी पालक ती मागून घेतात. दह्यातले चांगले जिवाणूच पुडीत असणार, मग तोटा कसला, असा समज असतो.

पण जिवाणू कोणता आणि तो कशासाठी, हे पाहावे लागते. अशा मुलांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये एकदमच आले. अमेरिकेतील ९७१ मुले, कॅनडातील ८८६. काहींना लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू पाच दिवस दिले, काहींना तशीच दिसणारी, जिवाणू नसलेली पुडी. अमेरिकेत दोन्ही गटांत जुलाब साधारण ५० तास टिकले. कॅनडातही फरक दिसला नाही.

याच्या उलट अनुभव ओडिशाचा. तेथे साडेचार हजारांवर नवजात बाळांच्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू त्याला पोसणाऱ्या साखरेसह आठवडाभर दिला गेला. गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांऐवजी ५.४ टक्के राहिले. म्हणजे वय वेगळे, जिवाणू वेगळा, उपयोगही वेगळा. (यावरून कोणी तान्ह्या बाळाला दही चाटवू नये!)

घरच्या दह्यात कोणते जिवाणू किती, हे विरजणागणिक बदलते. वेष्टनावर ‘प्रोबायोटिक’ लिहायचे तर दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा आपल्याकडचा नियम आहे. वाटीभर दह्यात तेवढे असतीलही. पण एखाद्या आजारावर त्यांचा उपयोग होतो का, हे कोणी तपासलेले नसते. तरी दूध न पचणाऱ्यांना दही पचते, ते जिवाणूंमुळेच. कढी उकळली की ते मरतात; प्रथिने आणि कॅल्शियम मात्र राहते.

जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. ते भरून काढते ओआरएसची पुडी, जी आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिच्या जोडीला झिंकची गोळी: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. जुलाब थांबले तरी ती १४ दिवस द्यायची. काही घरांत ती आधीच बंद होते. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त आले, तर थेट रुग्णालय गाठावे.