फियाट विकणे आहे

माझ्या मामांच्या गॅरेजसमोर गेले तीन महिने एक फियाट उभी आहे. दुधी रंग, काळ्या सीटा आणि पुढच्या काचेआड एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर वरच्या ओळीत 'विकणे आहे' आणि खालच्या ओळीत कन्नड लिपीत 'माराटक्किदे' असे लिहिलेले आहे. दोन्ही ओळी माझ्याच हातच्या. मराठी शाळेत शिकलेल्या आणि गल्लीत कन्नड बोलत वाढलेल्या मुलाकडे बेळगावात असली कामे आपोआपच येतात. त्या पुठ्ठ्यावर मी आणखी एक शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला होता. मामांनी तो मला खोडायला लावला. त्या एका शब्दाविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

तो शब्द होता 'ओरिजिनल'.

आधी गाडीची ओळख करून देतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी ती केवळ जुन्या हिंदी चित्रपटांतच पाहिली असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. आरंभीच्या मॉडेलला तिच्या नाकाडामुळे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. 1964 च्या सुमारास फियाट 1100 डिलाइट आली आणि तीच 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन 1089 सीसीचे, सिलिंडर चार, आणि गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी. त्या काळी मोटारींच्या विक्रीवर सरकारी नियंत्रण होते. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि चित्र पालटले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

मामांची गाडी 1972 सालची आहे. एका घराच्या परसात, चिंचेखाली ती कित्येक वर्षे पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालीत. मामांनी ती 35,000 रुपयांना घेतली तेव्हा मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर 26 महिने, गॅरेज बंद झाल्यावर रोज संध्याकाळी आणि दर रविवारी, मामा त्या गाडीशी झगडत होते. तळाचा पत्रा इतका सडला होता की आतून खालची जमीन दिसे. तो कापून नवा जोडला. इंजिनचे बोअर करून नवे पिस्टन बसविले. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर लावला. जे दोन-तीन लहान भाग कोठेच मिळेनात ते उद्यमबागेत ओळखीच्या लेथवर कातून घेतले. मी पॉलिश पेपर घेऊन पत्रा घासण्याचे काम केले. बोटांची सालटी निघाली, तेव्हा कळले की रंग हा शेवटचा आणि सोपा भाग असतो.

एवढे डोळ्यांनी पाहूनही मी 'ओरिजिनल' लिहिले! जुन्या गाड्यांच्या जाहिराती मी वाचल्या होत्या. त्यांत हा शब्द हमखास असतो. शिवाय वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून गिऱ्हाईक कशाला भुलते हे आपल्याला कळते, असाही थोडा गर्व होता. मामांनी पुठ्ठा वाचला आणि म्हणाले, "ओरिजिनल म्हणून लिहिलास, मग मी दोन वर्षं काय केलो रे? खोड ते पहिला."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज विचार करता मला वाटते की 'ओरिजिनल' या शब्दात दोन खोटेपणा आहेत. पहिला सर्वांना दिसतो. बदललेला पत्रा मूळचा म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. दुसरा मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सगळे मूळचेच असेल तर मिस्त्रीने काहीच केले नाही असा त्याचा अर्थ होतो. गाडी जणू चिंचेखालून आपल्या पायांनी उठली आणि न्हाऊन-माखून रस्त्यावर आली! जो शब्द गाडीची किंमत वाढवितो, तोच शब्द ती उभी करणाऱ्या माणसाला पुसून टाकतो.

हे पुसणे हिशेबातही होते. वर्गात आपण घसारा शिकतो. मराठीत घसारा, कन्नडमध्ये 'सवकळि'. दोन्ही शब्दांत झिजण्याचाच अर्थ आहे. मोटारीवर दरसाल 15 टक्के दराने घटत्या शिलकीवर घसारा काढला, तर 100 रुपयांचे दहा वर्षांत 20 रुपयेही उरत नाहीत, आणि पन्नास वर्षांनी उरतात सुमारे तीन पैसे. वह्यांच्या दृष्टीने ही फियाट केव्हाच संपली. आता तिची जी काही किंमत आहे ती मामांच्या हातांनी घातलेली आहे. म्हणून एका रात्री मी मामांचा हिशेब मांडला.

गाडी 35,000; पत्रा व रंगाचे सामान 70,000; इंजिन 45,000; सीटा व आतले कापड 22,000; टायर, वायरिंग आणि ब्रेक 38,000. एकूण 2,10,000 रुपये. मामा किंमत सांगतात 2,40,000, आणि वर म्हणतात, "तीस हजार सुटतील की!" मी विचारले, "मामा, तुमची मजुरी कुठे आहे?" ते हसले. "माझीच गाडी, माझीच मजुरी. कोण कुणाला देणार?"

मामांचे म्हणणे आपल्या वित्तीय हिशेबाच्या पुस्तकाला धरूनच आहे. मालकाने स्वतःच्या धंद्यात केलेल्या कामाची मजुरी तेथे खर्ची पडत नाही. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला आपण तिलाच अव्यक्त खर्च म्हणून शिकतो. मी 26 महिन्यांचे तास मोजले. अगदी कमी धरले तरी 900 भरतात. कुशल मिस्त्रीला तासाला 150 रुपये धरले तर 1,35,000 होतात. म्हणजे गाडी 3,45,000 ला पडली आणि मामांचा तीस हजारांचा नफा हा वास्तविक एक लाख पाच हजारांचा तोटा आहे.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसते. मामांना त्या कामात आनंद मिळाला, तीच मजुरी. आनंद मिळाला हे खरेच आहे. पण गाण्यात आनंद मिळतो म्हणून गवयाची बिदागी कोणी बुडवीत नाही. मग हाताने काम करणाऱ्याच्याच बाबतीत आपण आनंदाची सबब का पुढे करतो? दुसरा आक्षेप असा की बाजारात किंमत कष्टांवर नव्हे, मागणीवर ठरते. तेही मान्य. मात्र गिऱ्हाइकाला काय केले आहे हेच सांगितले नाही, तर तो मागणी तरी कशाची करणार? त्याला रंग दिसतो, म्हणून तो रंगाचे पैसे देतो.

आजवर आलेल्या गिऱ्हाइकांवरून हे सिद्धच होते. एकाने भंगाराच्या भावापासून सुरुवात केली. दुसऱ्याला गाडी हॉटेलच्या दारात शोभेसाठी हवी होती; त्याने इंजिनचे झाकण उघडूनही पाहिले नाही. तिसऱ्याने विचारले की हिला व्हिंटेजचा नंबर मिळेल का. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला तो मिळू शकतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि नंतर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मामांनी त्याला तळाचा पत्रा स्वतः दाखविला. तो गेला तो परत आला नाही. मला हळहळ वाटली. मामा मात्र शांत होते. त्यांनी गाडी केली आहे ती चालविण्यासाठी. नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ती खुशाल चालविता येते.

मित्रहो, आपण उद्या कोणाच्या तरी वह्या लिहिणार आहोत. आपल्यातील बहुतेकांच्या घरी कोणीतरी गॅरेजात, फौंड्रीत, शिवणयंत्रावर वा शेतात राबते आणि त्याचे तास कोणत्याच वहीत नसतात. ती नोंद आपण केली नाही तर दुसरे कोण करणार?

गेल्या रविवारी मी नवा पुठ्ठा केला. दोन्ही भाषांत लिहिले आहे: 1972 ची फियाट. तळाचा पत्रा नवा, पिस्टन नवे, ऑल्टरनेटर नंतर बसविलेला, बाकी मूळचे. त्याखाली एक ओळ: मिस्त्रीकाम 900 तास. किमतीचा आकडा मी 3,10,000 केला होता. मामांनी तो खोडून 2,75,000 केला. पण 900 तासांची ओळ त्यांनी खोडली नाही. जरा वेळ पुठ्ठा हातात धरून पाहिला आणि स्वतःच काचेआड नेऊन लावला.

गाडी अजून विकली गेलेली नाही.