हिस्ट्री न घेता केलेली तपासणी

मूल तपासायला घेण्यापूर्वी आपण आईला प्रश्न विचारतो. बाळंतपण कसे झाले, मूल केव्हा रडले, घरात कोणाला क्षय होता का. हिस्ट्री नीट घेतली की निम्मे निदान झाले, असे आपल्याला आपल्या गुरुजनांनी शिकवले आणि आपणही विद्यार्थ्यांना तेच शिकवत आलो. परंतु हीच आपण डॉक्टर मंडळी सहलीला निघालो की ती सवय दवाखान्यातच ठेवून जातो. गेल्या वर्षी मंडळातील नऊ कुटुंबांसह मॉरिशसला जाऊन आल्यापासून ही गोष्ट माझ्या मनाला टोचते आहे.

सहल आनंदाची झाली, हे आधी नमूद करतो. मॉरिशस हे ज्वालामुखीतून उभे राहिलेले बेट. क्यूरपीप गावाच्या माथ्यावरील त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचे मुख आता दाट झाडीने भरून गेले आहे. शामारेलची सप्तरंगी माती म्हणजे बेसॉल्टची झीज होऊन मागे राहिलेली लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. गंगा तलाव हे जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी; त्याच्या वाटेवर श्रीशंकराची १०८ फुटी मूर्ती उभी आहे. हे सारे आम्ही पाहिले, छायाचित्रे काढली आणि तृप्त झालो.

या दगडाशी आपले नातेही आहे. भूगर्भातील ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला, त्याच स्रोताने, भारतभूमी उत्तरेकडे सरकून गेल्यावर पुष्कळ काळाने, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशसला जन्म दिला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. सह्याद्रीचा काळा कातळ, आपल्या वडोदऱ्याजवळचा पावागड आणि ते बेट ही एकाच कुळातली भावंडे होत.

पण त्या बेटावरचे सर्वांत बोलके दृश्य माहितीपत्रकात नाही. उसाच्या हिरव्या मळ्यांत मध्येच काळ्या दगडांचे उंच ढिगारे दिसतात. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड आहेत. मॉरिशसला दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी थाप मारून माणसांना जहाजात चढवले गेले, ही आख्यायिका तिथे घरोघर सांगतात.

ही माणसे जिथे उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून पहिली तुकडी आली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर तिथे पोहोचले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली कोकणातली माणसेही होती. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून घोषित केली. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत घाटाचे नाव होते. त्याच्यापुढचा वेळ मात्र बाजारपेठेतील खरेदीला दिलेला होता. “पडके दगड काय पाहायचे?” असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. मी व सौ. दोघेच गेलो. समुद्रावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या, शेजारी रुग्णालयाच्या खोल्यांचे अवशेष. मी त्या पायऱ्यांशी बराच वेळ उभा होतो. कडेवर मूल घेऊन इथे उतरलेल्या आईची हिस्ट्री कोणी आणि कोणत्या भाषेत घेतली असेल, एवढाच विचार मनात होता.

हिस्ट्री ठाऊक असती तर बाकीची स्थळेही आम्हाला निराळी दिसली असती. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीने पोर्ट लुईची दैना झाली आणि ज्यांना शक्य होते ते क्यूरपीपच्या थंड उंचीवर राहायला गेले. ज्यांना शक्य नव्हते ते खालीच राहिले. पुढे १९०७-०८ मध्ये खुद्द रोनाल्ड रॉस हिवतापाच्या पाहणीसाठी या बेटावर आले होते. पांप्लमूसच्या बागेत आम्ही परातीएवढी कमळपाने पाहिली. मजुराच्या पोटी जन्मून डॉक्टर झालेले आणि १९६८ साली स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान बनलेले शिवसागर रामगुलाम यांची समाधी त्याच बागेत आहे, हे मला घरी परतल्यावर कळले. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची तिथे रीत होती. आजारी मजुरावर ही रीत काय गुदरवीत असेल, ते आपल्याला सांगायला नको. त्या मजुरांची बाजू मांडायला गांधीजींच्या सूचनेवरून १९०७ साली तिथे गेलेले मणिलाल डॉक्टर आपल्याच बडोद्यात जन्मलेले. आडनाव डॉक्टर, पेशाने बॅरिस्टर!

सुटी विश्रांतीसाठी असते, तिथे दुःख कशाला उगाळायचे, हा आक्षेप मला मान्य आहे. समुद्रस्नान कोणी सोडावे असे मी म्हणत नाही. पण अर्धा दिवस फार नाही.

आमचा वाहनचालक मराठी वंशाचा होता. घरी क्रिओल बोलणारा. मराठी शाळेत शिकलेला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते, हे त्याने अभिमानाने सांगितले. मग सावकाश, शब्द जुळवीत त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या गावी मुले मराठी लिहितात?” गाडीत आम्ही सहाजण होतो. आमच्यापैकी चौघांच्या नातवंडांना देवनागरी अक्षरे जेमतेम ओळखता येतात. कोणीच बोलले नाही, शेवटी मी म्हणालो, “काही लिहितात.”

मंडळाच्या कार्यकारिणीस माझी विनंती आहे. पुढील सहल कोठेही जावो, निघण्यापूर्वी एका सायंकाळी त्या भूमीची हिस्ट्री सभासदांपुढे मांडली जावी. मॉरिशसला पुन्हा जाणे झाले तर पहिली सकाळ आप्रवासी घाटावर घालवावी, आणि मुलानातवंडांना बरोबर न्यावे. पायऱ्या सोळाच आहेत. गुडघेदुखीचे कारण कोणी सांगू नये.